राणीची कात

“काकू, ही मादी नाही. नर आहे,” भिंगावरून डोळा न काढता दुकानदार म्हणाला.

काकू हसल्या. त्यांचं आयुष्य शिवणकामात गेलेलं. कपडा उलटून शिवण बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा शब्द मानला नव्हता. “नीट बघा हो. माझी राणी आहे ती. वीस-वीस वर्षं जगते, म्हणाला मुलगा.”

राणी म्हणजे तळहाताएवढा केसाळ टॅरँट्युला कोळी. मुलगा परदेशी जाताना तिला काकूंच्या गळ्यात मारून गेला होता. काकूंना कोळ्याची भारी किळस. पण “हिला न्यायला मी येणारच ना, आई,” असं तो म्हणाला आणि त्या विरघळल्या. तेव्हापासून नाक मुरडत तिला किडे भरवत होत्या. मुलाची खाट तशीच अंथरून ठेवली होती. घरात कापड बेतायला जागा नव्हती, तरी खाटेवर चिंधीसुद्धा पडू देत नसत. जमिनीवर बसून बेतत आणि कंबर धरून उठत.

परवा राणीने कात टाकली आणि खाणंच सोडलं. म्हणून ती कात डबीत घालून त्या या पाळीव प्राण्यांच्या दुकानात आल्या होत्या.

दुकानदाराने भिजवलेली कात टाचणीने उलगडली. “ही पोटाची आतली बाजू. मादी असती तर इथे इवलीशी पिशवी दिसली असती. नराची ही शेवटची कात. आता वर्षभर काढलं तरी पुष्कळ.”

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. पिशवी नव्हती.

“म्हणजे माझ्या मुलालाही कुणीतरी फसवलंच. बिचाऱ्याला काय ठाऊक!”

दुकानदार घुटमळला. “मागची कात तोच घेऊन आला होता, काकू. जायच्या आधी. मीच दाखवलं त्याला.”

घरी येताच त्यांनी फोन लावला. “तुला माहीत होतं?”

“अगं, खरं सांगितलं असतं तर तू ठेवून घेतलं असतंस का? किती मनाला लावून घेतेस! कोळी तर आहे.”

“आणि न्यायला येणार होतास, ते? तोवर ही जगणारच नव्हती ना?”

“बघू ना, आई.”

पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता. राणीचा काचेचा डबा उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा, असं काकूंना वाटलं. आत राणी काचेवर पाय चाळवत होती. तिचा काय दोष! त्यांनी तिला पाण्यासाठी ठेवलेल्या झाकणीत ताजं पाणी ओतलं.

मग खाटेवरची चादर खसकन ओढली, गादी गुंडाळून भिंतीला लावली आणि उघड्या फळ्यांवर गिऱ्हाइकाचं कापड पसरून खडूने पहिली रेघ मारली.