घोडीमागची मोटार

छप्पन साली मोशीच्या जत्रेआधी महिनाभर गावात बैलांचं नाव कुणी काढत नव्हतं. आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. आमच्याकडे जत्रा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आणि शर्यतीतली पहिली बारी आमच्या घरची. मालक गेल्यावर तो मान मी राखला. शर्यतीच्या घाटावर बाया येत नसत. मी जात असे, पदर डोक्यावर घेऊन पुढच्या ओळीत उभी राहत असे, आणि मला मागं सरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पण त्या साली गावाला मोटारींच्या शर्यतीनं झपाटलं होतं. चिंचवडला तंबूतल्या सिनेमात खेळाच्या आधी बातम्या दाखवायचे. त्यात कुठल्याशा इटलीतल्या मोटारी पळाल्या, आणि ते बघून आलेली चांगली बाप्ये माणसं आठ दिवस जमिनीवर आली नाहीत. कोंडाजी न्हाव्यानं दुकानात खंडोबाच्या तसबिरीशेजारी लाल मोटारीचं चित्र चिकटवलं. पहिला कोण आला, कुणाचं चाक निखळलं, सगळं तो वस्तरा हातात धरून सांगायचा, आणि माणसं अर्ध्या दाढीवर तासभर बसून ऐकायची. ज्यांनी पुण्याच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं ते जर्मनीतल्या वळणांवरून हमरीतुमरीवर येत.

हे खूळ गावात आणलं आमच्याच जावयानं. सयाजी तळेगावचा, पिंपरीला मोटारी दुरुस्त करायचा. हात असा, की बिघडलेली मोटार त्याचं पाऊल ऐकूनच सुरू व्हावी. खिशात वर्तमानपत्राची कात्रणं. माझी शालन सातव्या महिन्यात माहेरी आली होती, म्हणून हा दर रविवारी सायकल मारत यायचा. बायकोला बघायला यायचा असं म्हणायचं, पण निम्मा दिवस कोंडाजीच्या दुकानात जायचा.

एकदा जेवायला वाढताना मी विचारलं, "जावईबापू, या मोटारी पळून जातात तरी कुठं?"

"कुठं न्हाई मामी. गोल रस्ता असतो. पन्नास-पन्नास फेरे मारायचे."

"आणि मग?"

"मग जिथनं निघाले तिथंच येतात."

"मग निघतात कशाला? आमच्या घाण्याचा बैल काय वाईट? तेवढेच फेरे मारतो, वर तेल देतो."

शालन हसली. सयाजीही हसला. जावई तसा गुणी, रागावत नसे. पण त्याच बैठकीत त्यानं हळूच सांगितलं, की पुण्याच्या कॅम्पातला एक पारशी शेठ मुंबईला विमानं उतरायच्या पट्टीवर शर्यतीला उतरतोय. त्याच्या दोन मोटारी आहेत आणि दुसरी सयाजीनं चालवावी असं त्याचं म्हणणं आहे.

शालनचा हात भाकरीवर तसाच राहिला. आदल्याच साली परदेशात एक मोटार बघ्यांच्या गर्दीत घुसून किती माणसं गेली, ते कोंडाजीनं गावभर सांगितलं होतं. तेव्हापासून नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की ती सोप्यात येऊन रस्त्याकडं बघत उभी राहायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती परसात भांडी घासत बसली, आणि एकच पातेलं किती वेळ घासत होती ते मी मोजलं नाही.

जावयाला नको म्हणता येत नाही. वाकडं बोलता येत नाही. पण पैज लावता येते.

"जावईबापू," मी पुढच्या रविवारी म्हटलं, "जत्रेला घेऊन या शेठची ती मोटार. आमच्या घाटात पळवा. माझ्या बैलांपेक्षा लवकर वर गेलात तर मुंबईला जा, मी तोंड उघडणार नाही. बैल जिंकले तर शर्यतीच्या मोटारीत पाय ठेवायचा नाही."

"मामी, बैल आणि मोटार?" त्याला हसू आवरेना.

"भ्यालात व्हय?"

"आलो!" म्हणाला.

आता घाट काय असतो ते सांगते, म्हणजे माझी लबाडी कळेल. घाट म्हणजे चढावरची मातीची लांब पट्टी. सगळे गाडे एकदम सोडत नाहीत, एकेकानं आपापल्या बारीला पळायचं आणि घड्याळावर वेळ लावायची. आणि बैलांच्या पुढं घोडी असते. घोडीवाला पुढं दौडतो, तिच्या मागं बैल जीव खाऊन पळतात. मोटार बैलाला ऐकणार नाही एवढं मलाही कळत होतं. पण पुढं घोडी असली, की मोटारीलाही तिच्या मागंच राहावं लागलं असतं. म्हणून मी आदल्या दिवशी पंचांच्या म्होरक्याला, मारुतरावांना गाठलं आणि म्हटलं, "मारुतराव, आपल्या घाटात आजवर घोडीशिवाय कुणाची बारी धरलीय का?"

मारुतराव नियमाचे एवढे पक्के, की चहासुद्धा पंचांना विचारून पीत. झालं.

जत्रेला एवढी माणसं मी कधी पाहिली नाही. चऱ्होली, चिखली, पार रहाटणीपासून लोक आले होते, आणि बैल बघायला कोणीच आलं नव्हतं. सगळे त्या लाल, बिनटपाच्या मोटारीभोवती. त्या साली बायासुद्धा घाटावर आल्या, आणि एका म्हातारीनं तर मोटारीला हळद-कुंकू लावलं.

आमची बारी झाली. बैल वाऱ्यासारखे गेले. चौदा सेकंद. टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांच्या माना मोटारीकडं.

मग मारुतराव मोटारीजवळ गेले. "सयाजीराव, घोडी पुढं राहणार. तिला मागं टाकलं तर बारी बाद."

"अहो मारुतराव, मोटारीला घोडी कशाला?"

"नियम हाय."

"हिच्यात घोड्याचंच बळ असतं म्हणतात, तीसचाळीस घोड्यांचं!"

"ते आत असतील. आमाला बाहेर दिसली पायजे."

लोक हसले. सयाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं.

घोडीवर माझे दीर चिमाजी. साठी उलटलेली, पण मिशीला पीळ तोच. निशाण पडलं, घोडी सुटली, मागं मोटार गुरगुरली. आवाज एवढा, की घोडी बिथरली. चिमाजींनी आयुष्यात मागं बैल ऐकलेले, मागं असली गडगड कधी ऐकली नव्हती. त्यांनी मागं वळून बघितलं आणि तिथंच चुकले. घोडी निम्म्या घाटात आडवी झाली आणि चिमाजी पागोट्यासकट मधोमध पडले.

मोटार अगदी पाठीशी होती. मला दिसलं ते एवढंच, की सयाजीनं मोटार डावीकडं ओढली, बांधावर घातली, धूळ उडाली, आणि धुळीतनं तो उडी मारून चिमाजींकडं पळाला. मोटारीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या चाकावरचं झाकण चेपून पार आत गेलं होतं.

चिमाजी उठून बसले. "पागोटं कुठाय माझं?" म्हणाले. तेव्हा लोकांनी श्वास सोडला.

मारुतराव घड्याळाकडं बघत म्हणाले, "मोटारीची बारी पुरी न्हाई. दुर्गाबाईंचे बैल जिंकले."

सयाजी माझ्यापुढं आला. कपाळावर माती. "शब्द दिलाय मामी. पाळीन." आणि मान खाली घातली.

लोक माझ्याकडं बघत होते. जिंकल्यावर मी लगेच गुलाल उधळायला सांगते, हे त्यांना ठाऊक होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते मातीत पडलेलं पागोटं होतं.

"मारुतराव," मी म्हटलं, "माझी बारीसुद्धा बाद धरा. घोडीची अट मीच तुमच्या कानात घातली होती. मोटार अडावी म्हणून. घरातलं माणूस चाकाखाली घालत होते मी."

माझ्यासारखीला गावासमोर हे बोलायला काय पडलं असेल, ते माझं मला ठाऊक. चिमाजी तेवढ्यात ओरडले, "वयनी, पुढल्या साली घोडीवर तुमीच बसा!" आणि सगळा घाट हसायला लागला.

मागनं शालन आली. गर्दीतनं वाट काढत, पोट सांभाळत. मला वाटलं रडतेय. ती सयाजीच्या कपाळावरची माती पदरानं पुसत म्हणाली, "आई, यांना जाऊ दे मुंबईला."

"तूच ना ग रात्रंदिवस घोर लावून बसली होतीस?"

"यांना पळायचं तेवढंच येतं असं वाटत होतं मला. थांबता येतं ते आज दिसलं."

मी सयाजीला शब्दातनं मोकळं केलं. पंचांचासुद्धा याच्यावर नियम नव्हता.

चेपलेलं झाकण सयाजीनं स्वतः ठोकून सरळ केलं. पंधरा दिवसांनी तो मुंबईला गेला. गावातली दहा-बारा माणसं मागोमाग गेली, कोंडाजी दुकान बंद करून गेला. शालननं काहीबाही निवडायला घेतलं, निवडून झालेलं परत निवडलं. मीही सोप्यात येऊन उभी राहिले, पण मी वासरू बघायला आले होते.

सोमवारी दुपारी सायकलची घंटी वाजली. सयाजी, नाकापर्यंत काळा झालेला. नऊ मोटारींत पाचवा आला होता, आणि पहिला आल्यासारखा हसत होता.

मी पायावर पाणी घालायला तांब्या पुढं केला. "किती फेरे मारले?"

"वीस, मामी."

"आणि शेवटी कुठं पोचलात?"

"जिथनं निघालो तिथंच."

शालन दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "बरं केलंत. हात धुवा, भाकरी गरम हाय."