पॅकेजवाल्या मॅडम

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की उर्वशी उगाच तापली. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणायचे, या पोरीच्या गळ्यात तिकिटाची पेटी दिली असती तर अर्धी गाडी मधातच उतरून गेली असती.

तर पांढरकवड्यात, हायवेला लागून आमचं दुकान होतं. माझं आणि राखीचं. राखी राठोड म्हणजे अमरावतीच्या कॉलेजात माझ्या बाकावर बसायची ती, इथल्याच एका बंजारा तांड्यावरची. आम्ही डेटाबेस बसवून द्यायचो. डेटाबेस म्हणजे काय, असं बाबांनीही विचारलं होतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरमधलं कपाट. कोणत्या ट्रकमध्ये कोणाचा माल गेला, काट्यावर कोणाचा किती कापूस आला, कोणाचं रक्त कधी तपासलं, सगळं त्यात रचून ठेवायचं आणि मागितलं की काढून द्यायचं. नागपूरच्या कंपन्या हे कपाट कुलूप लावून विकत. आत काय आहे ते पाहायची सोय नाही, आणि बिघडलं की त्यांचाच माणूस येणार, तोही सवडीनं. आमचं कपाट उघडं होतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. कोणीही फुकट घ्यावं, आत डोकावावं, खिळा ढिला दिसला तर ठोकावा आणि ठोकल्याचं बाकीच्यांना सांगावं.

मग आम्ही खायचं काय? सॉफ्टवेअर फुकट, पण ते बसवायचं, सांभाळायचं, बिघडलं की धावत जायचं, याचे पैसे. वर्षाचा करार, म्हणजे एएमसी. परदेशात यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात असं आम्ही वाचलं होतं. पांढरकवड्यात काहून चालणार नाही?

पहिल्या वर्षी चाललं. बसवायचे पैसे लोकांनी कुरकुर न करता दिले. एएमसी दुसऱ्या वर्षापासून सुरू होणार होती, आणि गाडी तिथंच अडकली.

दिवस कापसाचे होते, म्हणजे कापूस पडल्याचे. भाव नाही, अर्ध्या जिनिंग गिरण्यांची धुराडी थंड, आणि रस्त्यावर रोज एखादी पांढरी जीप. केंद्राचं पॅकेज, राज्याचं पॅकेज, कुठल्या तरी संस्थेचं पॅकेज. कोणी शेळ्या वाटायचं, कोणी शिलाई मशीन, कोणी नुसताच उपदेश. माणसं हॉलमध्ये बोलवायची, चहा-बिस्किट द्यायचं, फोटो काढायचा, आणि रामराम. सगळा जिल्हा त्याला सरावला होता.

अशात राखीच्या डोक्यात शनिवारची बैठक आली. तिच्या तांड्यात संध्याकाळी माणसं नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर बसतात. ज्याचं अडलं तो बोलतो, ज्याला ठाऊक तो सांगतो. तसं आपल्या गिऱ्हाइकांनी शनिवारी दुपारी दुकानात बसावं, असं तिचं म्हणणं. एकटी एकटी अडून बसण्यापेक्षा एकमेकांना विचारतील. मी म्हटलं, ठीक आहे, गिऱ्हाईक खूश तर एएमसी पक्की.

आणि लोक आले. देवीलाल चव्हाण हायवेवरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून यायचा, पॅथॉलॉजीच्या काउंटरवरची प्रियंका यायची, जिनिंगच्या काट्यावर बसणारे डोमाजी तर सगळ्यात आधी येऊन खुर्च्या मांडायचे. शिवाय पतसंस्थेचे, दूध डेअरीचे. सगळ्यांचं रडगाणं एक, लोडशेडिंग. लाइट जायची, कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा, आणि लाइट आली तरी डेटाबेस काही उठायचा नाही. देवीलालनं त्याच्यामागे लागून तो उठवायची रीत शोधली आणि फळ्यावर काढून सगळ्यांना शिकवली. नंतर प्रियंकानं बॅकअप आपोआप व्हायची युक्ती काढली, ती डोमाजींनी डेअरीवाल्याला जाऊन बसवून दिली. राखी कोपऱ्यात बसून बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक.

माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते आरशात बघायची मला हिंमत नव्हती. दुसरं वर्ष अर्धं सरलं आणि एकानंही एएमसीचं नाव काढलं नाही. कायले काढतील? त्यांचं अडतच नव्हतं. आमच्या दुकानात बसून, आमचा चहा पिऊन, आमचंच काम ते एकमेकांना फुकट करून देत होते. आणि वर डोमाजी दर शनिवारी म्हणायचे, "मॅडम, फोटो काढून घ्या ना सगळ्यायचा." मी दात-ओठ खाऊन फोटो काढायची.

"तू मांग ना पैसे," मी राखीला म्हटलं.

"तू मांग."

"बैठक तुही आयडिया होती."

"घरी आलेल्या माणसाले चहा पाजायचा आन् मंग त्याच्या हातात बिल द्यायचं? मले नाही जमत. लाज वाटते."

लाज मलाही वाटायची, म्हणून तर मी तिच्यावर ओरडत होते. दुकानाचं भाडं तोवर बाबा आपल्या फंडातून भरायला लागले होते, मला न सांगता. ते कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. नागपूरच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, तीच कुलूपवाली कपाटं विकायची. सोमवारी हजर व्हायचं होतं. मी हो कळवायचं ठरवलं. राखी एवढंच म्हणाली की लोकांना तू स्वतः सांग, माझ्यानं होणार नाही.

शनिवारी सगळे जमल्यावर मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. दुकान बंद होतंय. आजची बैठक शेवटची.

मग डोमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, पॅकेज संपलं काय?"

"कोणतं पॅकेज?"

"तुमचंच. आम्हाले वाटे, निदान पाच वर्षांचं असन."

मला आधी कळेचना. मग प्रियंका खाली मान घालून म्हणाली, "ताई, तुम्हाला सरकारचा पगार नाही का?"

मी जी भडकले ती काही विचारू नका. पगार? कोणता पगार? दोन पोरी स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकतात हे या गावाला दिसत नाही काय? देवीलाल मला शांत करायला उठला. "मॅडम, राग नका मानू. सॉफ्टवेअर फुकट, शिकवणं फुकट, चहा फुकट. आता या जिल्ह्यात असं कोण करते? पॅकेजवालेच करते ना. आम्ही तं तुमच्यासाठी येऊन राह्यलतो."

"माझ्यासाठी?"

"माणसं नाही दिसली तं तुमचं अनुदान अडकन ना. डोमाजीकाका तं घरच्या वावरातलं काम सोडून येते. म्हणून तं फोटोचं म्हणून राह्यले दर खेपी. वर दाखवा लागते न तुम्हाले."

डोमाजींनी मान डोलवली. त्या माणसानं माझं अनुदान वाचावं म्हणून शनिवारी कधी दांडी मारली नव्हती, आणि मी त्याला मनातल्या मनात फुकट्या म्हणत होते. मला बसायला खुर्ची सापडेना. राखीला हसू आवरेना, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळेच हसले. मी सोडून.

"मंग पैसे काहून नाही मांगले तुम्ही?" देवीलाल म्हणाला. "आमचा शेठ टायरच्या पंक्चरचे देते, तुमचे नाही देणार? मले किती खेपा वाटलं, द्यावं काही. पण सरकारी माणसाले पैसे देणं म्हणजे लाच होते ना."

त्या आठवड्यात करार झाले. ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं सही केली, जिनिंगनं केली, पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी तर मागचंही देऊ केलं. डेअरीवाल्यांनी थोडी घासाघीस केली, पण केली सही. नागपूरला मी सोमवारीच नाही म्हणून कळवलं होतं. बाबांना भाडं भरू दिलं नाही. घरी पहिल्यांदा मी कोणावर न ओरडता जेवले, असं आई म्हणाली.

पुढच्या शनिवारी राखीनं खुर्च्या मांडल्या आणि टपरीवर चहा सांगितला. कोणी आलं नाही. आम्ही म्हटलं, कोणाच्या घरी लग्न असेल. त्याच्या पुढच्या शनिवारीही कोणी आलं नाही, पण देवीलालचा फोन आला. बिल्टी, म्हणजे ट्रकमधल्या मालाची पावती, शोधली की भलत्याच ट्रकची निघून राहिली होती.

हे आम्ही दोघींनीही कधी पाहिलं नव्हतं. असं काही अडलं की राखी सायबर कॅफेत जाऊन, या डेटाबेसच्या जगभरच्या वापरणाऱ्यांचा जो मेल-ग्रुप होता, त्यावर विचारायची. तिथं एक माणूस होता, कोणत्या तरी थंड देशातला. त्याचं नाव आम्हाला नीट म्हणताही यायचं नाही, पण आमच्या मोडक्या इंग्रजीला त्याचं सविस्तर उत्तर हमखास यायचं. आताही तासाभरात आलं. लाइट जाताना इंडेक्स, म्हणजे कपाटातल्या कप्प्यांची यादी, अर्धवट राहिली असेल, ती पुन्हा बांधून घ्या, आणि बांधण्याआधी अमुक एवढं तपासा, असं त्यानं पायरी-पायरीनं लिहिलं होतं. राखीनं कागदावर उतरवून दिलं आणि मी देवीलालच्या ऑफिसात गेले.

त्यानं उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला, ट्रक बघत.

"इकडे या ना देवीलालभाऊ," मी म्हटलं. "बघून ठेवा, सोपं आहे."

"तुम्ही करा ना मॅडम."

"तुम्हाला आवडतं ना हे. शनिवारी सगळ्यांना सांगाल."

तो वळला. माझा अपमान करायचा त्याचा काही विचार नव्हता, उलट मला बरं वाटावं म्हणूनच बोलला तो. "आता पैसे देऊन राह्यलो ना तुम्हाले. मंग मी कायले डोकं लावू? आन् डोमाजीकाकायचं अडलं तं तेही फोन करतीन, त्यायची बी एएमसी हाय."

"आणि शनिवारी?"

"आता गरज काय मॅडम? तुमचं दुकान तं चालू झालं."

मी इंडेक्स बांधला, बिल्ट्या तपासल्या, त्याची सही घेतली आणि परत आले. राखी मांडलेल्या खुर्च्यांमध्ये एकटीच बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, दुकान तं वाचलं," आणि खुर्च्या एकीवर एक रचू लागली. दुकान वाचलं होतं आणि मला वाईट वाटत होतं. हे असं उलटं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

"राखी, तो माणूस," मी म्हटलं. "त्याले कोण पैसे देते?"

"कोणाले?"

"मेलवर सांगते तो. दोन वर्षांपासून सांगून राह्यला."

राखीनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "असन एखादी मोठी कंपनी. पगार भेटत असन त्याले. नाही तं इतकं कोण कायले लिहिते?"

बोलून झालं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आपण विचारलं कधी?" मी म्हटलं.

"नाही."

"मग विचार."

आम्ही दोघी कॅफेत गेलो. राखी कीबोर्ड पुढे ओढून बसली. तिनं दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, खोडल्या. मग नुसतं त्याचं नाव लिहून थांबली.

"असं कसं विचारायचं गं?" ती म्हणाली. "लाज वाटते."

मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. मलाही वाटत होती.