कात्रीची वाट पाहणारा टाय

मी एक अर्धा टाय बोलतोय. माझी कीव करू नका. अर्धं होण्यासाठी मी वर्षानुवर्षं तळमळलो.

आमच्या जर्मनीतल्या कोलोन शहरात उपवासाच्या दिवसांआधी कार्निवल असतो. त्यातला गुरुवार बायकांचा. पुरुषाच्या गळ्यात टाय दिसला की त्या कचकन कापतात आणि वर गालावर एक पापा देतात. म्हणून शहाणी माणसं त्या दिवशी टाकाऊ टाय घालतात. मी त्याच लायकीचा. लाल, ठिपक्यांचा, सेलच्या टोपलीतला. माझ्या मालकाने, तेमुरने मला घेतलं तेच कापून घेण्यासाठी.

त्याच्या खणात एक निळा रेशमी टाय होता, गाठीखाली चार बोटं उरलेला. त्यानेच मला सगळी हकिकत सांगितली. तेमुर जॉर्जियाहून नोकरीसाठी निघाला तेव्हा बाबांनी आपला लग्नातला टाय त्याच्या गळ्यात बांधला. इथली रीत ठाऊक नसलेला हा पठ्ठ्या पहिल्याच कार्निवलला नेमका तोच घालून ऑफिसात गेला. स्वागतकक्षातल्या रोसविथाबाईंनी हसत हसत कात्री चालवली.

"हे काय केलंत!" तेमुर ओरडला. "बाबांचा होता तो!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हापासून त्याच्या वाटेला कुणी जाईना.

तेमुरचा राग दोन दिवसांत ओसरला, पण ते सांगणार कुणाला आणि कसं? पुढल्या वर्षापासून तो मला बांधून, छाती पुढे काढून बसू लागला. "आलाफ!" असा कार्निवलचा जयघोष करत बायका यायच्या. साहेबांचा टाय कापायच्या, शेजारच्या येन्सचा कापायच्या आणि तुकडे ऑफिसच्या भिंतीवर टाचायच्या. तेमुरच्या टेबलापाशी मात्र रोसविथाबाईंची कात्री पाठीमागे जायची. जॅम भरलेला गोड पाव त्याच्यापुढे ठेवून त्या निघून जायच्या.

"मजा आहे बुवा तुझी, वाचलास!" येन्स म्हणायचा.

"वाचलो कसला," तेमुर पुटपुटायचा.

सगळ्यांच्या गळ्यात कापलेल्या टायची थोटकं लोंबत असायची आणि हा एकटाच नीटनेटका. घरी आरशासमोर माझी गाठ सोडताना त्याची बोटं फार हळू चालायची. मला फार वाईट वाटायचं.

यंदा बाईंचं निवृत्तीचं वर्ष. त्यांनी पुन्हा गोड पाव ठेवला आणि त्या वळल्या. तेमुरने टेबलावरची कात्री उचलली आणि मूठ त्यांच्याकडे करून पुढे धरली.

"बाई, तुमच्या हातून."

"नको रे बाबा! हा कुणाचा? आजोबांचा?"

"सेलमधला आहे. दरवर्षी तुमच्यासाठीच बांधून येतो."

"अरे गाढवा, मग तोंड उघडायचं नाही का? दरवर्षी मी इथवर येऊन मागे फिरतेय!"

कचकन! पापा असा दिला की गालावर लिपस्टिक उमटली. मग बाईंनी आपल्या खणातून निळा तुकडा काढला. तो भिंतीवर लावायचा त्यांना कधी धीरच झाला नव्हता. माझ्या तुकड्याशेजारी त्यांनी तो टाचला.

आता मी घरी, खणात निळ्याला खेटून असतो. "तिकडे माझं टोक कसं दिसतं रे?" तो रोज विचारतो, आणि मी न कंटाळता सांगतो.

काल तेमुरने इतकी वर्षं लपवलेली गोष्ट बाबांना फोनवर सांगून टाकली. "तुमचा टाय आता अर्धा इथे घरी आहे, अर्धा तिथे ऑफिसात."

बाबा हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू रे? अर्धा इकडे, अर्धा तिकडे?"

तेमुर आमचा खण उघडून निळ्यावरून बोट फिरवत राहिला.

कधी त्या भिंतीपाशी गेलात तर माझ्या लाल टोकाला एवढं सांगा, वरचा भाग तुझी फार आठवण काढतो. पण त्याला परत आणू नका. तिथेच राहू द्या.