फाटकावरचा हॉर्न

नवऱ्याच्या माघारी ट्रक विकून टाक, असं तिला सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिने कोणाचंच मनावर घेतलं नाही. लांब नाकाची, जुन्या घडणीची ती गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली आणि उंदरांनी तिच्यात खुशाल संसार थाटले. शेवटी धाकट्या दिराने ती चालवायला मागितली, तेव्हा ती एका अटीवर कबूल झाली. गाडी रोज संध्याकाळी इथंच, याच अंगणात येऊन लागली पाहिजे. दिराला वाटलं, वहिनीचं मन मोठं, फुकटात जागा देतेय. मन मोठं वगैरे काही नव्हतं. तिला तो हॉर्न पुन्हा ऐकायचा होता, एवढंच.

तसा तो धड हॉर्नही नव्हता. रस्त्यावर नवरा वाजवायचा तो खणखणीत, झोपलेल्या माणसाला उठून बसवणारा. पण संध्याकाळी गाडी घराच्या फाटकाशी वळली की घसा बसल्यासारखा एकच आवाज यायचा. भ्रँ, आणि गप्प. तो ऐकला की ती हातातलं टाकून दार उघडायची आणि फाटकाकडे पळायची. नवरा मुलखाचा अबोल. शब्द विकत आणावे लागत असल्यासारखा वापरायचा. 'आलो गं' एवढं म्हणायलासुद्धा त्याची जीभ कधी रेटली नाही. पण हा बसका आवाज घरच्या फाटकाशीच यायचा, दुसरीकडे कुठंही नाही. म्हणजे तो आपल्यासाठीच, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. 'तुझा नवरा तुझ्याशी बोलतो तरी का गं?' असं शेजारीण खवचटपणे विचारायची, तेव्हा ती मनातल्या मनात हसायची.

आता बोलायला कोणीच नव्हतं. मुलगी लांबच्या शहरात. फोनवर 'जेवलीस का' आणि 'तब्येत सांभाळ' यांच्या पलीकडे दोघींनाही काही सुचायचं नाही. दिवस कसाबसा ढकलला जायचा. संध्याकाळ मात्र अंगावर यायची. हात कामात असायचे आणि कान फाटकाशी.

दीर गाडी सुरू करायला आला, तर डॅशबोर्डमधून धूर निघाला. मग मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री नवऱ्याच्या जुन्या ओळखीतला. सगळे त्याला फ्यूजमामा म्हणत, कारण तो कधी उडेल याचा नेम नसे. त्याने बॉनेट उचललं, आत डोकं घातलं आणि आतूनच ओरडला.

"वहिनी, इथं एक-दोन वायरी बदलून भागायचं नाही. उंदरांनी निम्मी खाल्लीय, उरलेली वाळून कडकड मोडतेय. आख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा हा सगळा जुडगा, काढून नवा बांधावा लागेल. नाहीतर भाऊजी एक दिवस पेटत्या गाडीतून घरी येतील."

पेटती गाडी म्हटल्यावर कोण काय बोलणार? तिने मान हलवली.

मिस्त्रीने जुना हार्नेस तोडला नाही. फांद्यांसकट वेल उतरवावी तसा अख्खा बाहेर काढला आणि अंगणात ताडपत्रीवर पसरला. मधला जाड दोर, त्याला फुटलेले फाटे. हा पुढच्या दिव्यांचा, हा बॅटरीचा, हा लांबलचक मागच्या दिव्यांपर्यंत जाणारा. त्याच्यावरच तो नव्या वायरी मापाने टाकत होता आणि दोऱ्याने आवळत होता. ती चहा द्यायच्या निमित्ताने यायची, कप घ्यायच्या निमित्ताने यायची, आणि निमित्त संपलं की नुसतीच उभी राहायची.

"काय आहे वहिनी?" मिस्त्री शेवटी उखडलाच. "मी काय गाडीतलं सोनं पळवतोय का?"

"तसं नाही हो. तो हॉर्न तेवढा होता तसा ठेवा."

"हॉर्न तोच राहणार. वायर नवी."

"तो मोठा नाही. हे घरी आले की वाजवायचे तो. बसका." तिने लाजत लाजत तोंडाने आवाज काढून दाखवला.

मिस्त्री मोठ्याने हसला. मग त्याने ताडपत्रीवरचा दोर उलटा केला आणि एका जागी बोट ठेवलं. दोन वायरींची सालं एका पत्र्याच्या कडेला घासून निघाली होती, आतली तार काळी पडली होती.

"ही ब्रेकच्या दिव्याची, ही हॉर्नची. तुमच्या फाटकाशी डाव्या बाजूला खड्डा आहे. चाक त्यात गेलं की गाडी पिळली जायची, त्यात ब्रेक दाबला की या दोघी एकमेकींना टेकायच्या. ब्रेकचा करंट हॉर्नमध्ये शिरायचा, तोही अर्धामुर्धा. म्हणून तसा रडका आवाज."

"म्हणजे हे दाबत नव्हते?"

"दाबतील कशाला? आपोआप वाजायचा. फॉल्ट होता तो."

ती "बरं" म्हणाली आणि घरात गेली. ओट्याशी उभी राहिली, पण काय करायला आलो तेच आठवेना. इतकी वर्षं आपण एका खराब वायरीच्या हाकेला ओ देत होतो. कोणी बोलावत नव्हतं, आणि आपण वेड्यासारखे पळत होतो. तिला आधी स्वतःची लाज वाटली, मग नवऱ्याचा संताप आला. मेलेल्या माणसाशी भांडण करण्यात एक मोठी अडचण असते, ते सगळं आपल्यालाच बोलावं लागतं. ती बोलली. भांडी आपटत भरपूर बोलली. तो जिवंतपणी जितकं उत्तर द्यायचा तितकंच त्याने आताही दिलं.

दुसऱ्या दिवशी नवा हार्नेस गाडीत चढला. दिवे तपासायला माणूस हवा म्हणून मिस्त्रीने तिला मागे उभं केलं. तो आत ब्रेक दाबायचा आणि ती बाहेरून ओरडायची, "लागला!" आवाजात अजिबात जीव नव्हता. मिस्त्री तापट असला तरी आंधळा नव्हता. तो खाली उतरला आणि हात पुसत म्हणाला,

"वहिनी, काल एक सांगायचं राहिलं. दादांना तो फॉल्ट ठाऊक होता. मीच म्हटलं होतं, टेप मारून देतो, चुटकीसरशी होईल. तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, हात लावायचा नाही. हा वाजला की घराचं दार उघडतं."

तिने मान वर केली. "आणखी काय म्हणाले?"

"आणखी? दादा? आणखी कधी बोललेत का ते? हां, एवढं म्हणाले, मला उतरून फाटक उघडावं लागत नाही."

"आळशी मेला!" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली, हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

मिस्त्रीला रडणारी माणसं झेपत नसत. तो घाईघाईने म्हणाला, "मी काय करतो, एक वेगळं बटण बसवतो. मध्ये करंट थोडा अडवला की तसाच बसका वाजेल. भाऊजी फाटकाशी आले की दाबतील. झालं?"

तिचा जीव भांड्यात पडला.

बटण बसवून मिस्त्री गाडीची एक फेरी मारायला गेला. ती दार ओढून घेऊन ओट्यापाशी कामाला लागली, आणि गाडी परत कधी आली ते तिला कळलंसुद्धा नाही. "वहिनी!" अशी हाक आली तेव्हा ती बाहेर धावली. दार तिच्यामागे लोटलं गेलं. गाडी फाटकाबाहेर उभी होती, डावं चाक खड्ड्यात.

"फाटक नंतर उघडा. आधी वर या. तुमचा आवाज तुम्हीच पारखून घ्या, मला नाही समजत."

इतक्या वर्षांत ती ड्रायव्हरच्या जागेवर कधी बसली नव्हती. दांडी धरून कशीबशी चढली, मोठ्या चाकामागे टेकली आणि समोर पाहिलं. काचेतून घराचं दार दिसत होतं. बरोबर समोर, फाटकाच्या वरून, दुसरं काही दिसूच नये असं. रोज संध्याकाळी नवरा इथं बसून हेच बघत होता.

तिने बटण दाबलं. भ्रँ. तोच आवाज, हुबेहूब.

ती दाराकडे बघत राहिली. दार बंदच होतं. तिने पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. आत कोणी हातातलं काम टाकलं नाही. कोणी धावत आलं नाही. दार उघडणारी बाई इथं गाडीत बसली होती.

"जमला का?" मिस्त्रीने खालून विचारलं.

"जमला," ती म्हणाली. "पण काढून टाका."

मिस्त्रीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पक्कड हातात घेतली. ती सावकाश खाली उतरली आणि गाडी आत घ्यायला फाटक उघडू लागली.