काल्डेराच्या बदल्यात

यतिनने हेडफोन काढून टेबलावर आपटले. शेजारच्या खोलीतून चारुता ओरडली, "डॅड! आय'म इन क्लास!"

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिला. तिकडे अमेरिकेत, एका रिकाम्या बेसबॉलच्या मैदानावर, त्याचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, मान खाली घालून बाहेर चालला होता. शेवटच्या इनिंगपर्यंत हातात असलेली आघाडी त्या पठ्ठ्याने दहा मिनिटांत घालवली होती. प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं लावली होती, ती तेवढी हसत होती.

त्याचा पिचर म्हणजे अर्थात नावापुरता. मेलबर्नमधल्या आठ मराठी मित्रमैत्रिणींनी अमेरिकन बेसबॉलमधले खरे खेळाडू आपसांत वाटून घेऊन आपापले संघ बनवले होते. तिकडे खेळाडू जसा खेळेल, तसे इकडे ॲपवर गुण पडायचे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसांचं हे वेड दरवर्षी कुणाकुणाच्या घरी बार्बेक्यूच्या धुरात चाले. यंदा कोरोनामुळे प्रत्येक जण आपापल्या घरात कोंडलेला, सामने ऐन ऑफिसच्या वेळी, आणि काम घरून. त्यामुळे लाजलज्जाही उरली नव्हती.

यतिनला एक क्लोजर हवा होता. क्लोजर म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये येऊन आघाडी राखणारा पिचर. बाकीच्यांनी दिवसभर कमावलेलं तो सुखरूप घरी नेतो. यतिनचा संघ नवांपैकी सातव्या इनिंगपर्यंत राजासारखा खेळे आणि मग माती खाई. आणि आज संध्याकाळी पाचला मोसमातली खेळाडूंची देवघेव बंद होणार होती.

खरं तर हरला असता तर काय बिघडणार होतं? पण त्या ऑगस्टमध्ये जिंकण्यासारखं दुसरं काही राहिलंच नव्हतं. ट्रुगानिना उपनगरातल्या त्या चार खोल्या, घरापासून पाच किलोमीटरची हद्द, दिवसाला तासभर बाहेर पाय मोकळे करायची परवानगी, रात्री आठनंतर कर्फ्यू. पुण्यात आईला ताप आला की व्हिडिओ कॉलवर नुसतं बघत बसायचं. त्याची बायको सुनेत्रा वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स होती. ती कामाला गेली की परत येईपर्यंत तो पुनःपुन्हा खिडकीशी जाई. ह्या सगळ्यात एक गोष्ट तरी आपल्या मनासारखी व्हावी असं त्याला इतकं वाटे, की कधीकधी त्याचे डोळे भरून येत. बेसबॉलसाठी! हे तो कुणाला सांगणार होता?

पर्याय दोन होते. एक हॅलोरन. तो कुणाच्याच संघात नव्हता, मागितला की मिळाला असता. पण त्याचा खांदा दुखरा, आणि मोक्याच्या वेळी तो हमखास कच खाई. दुसरा काल्डेरा. पण काल्डेरा दत्तप्रसादचा होता, आणि दत्तप्रसाद त्याला जावयासारखा जपायचा.

दत्तप्रसाद आणि यतिन युनिव्हर्सिटीत असताना फुट्सक्रेच्या एका खोलीत, एकाच गादीवर आलटूनपालटून झोपून शिकले होते. पुढे कंपनीने दत्तप्रसादला वर्षभर ओहायोला पाठवलं, तिथून तो हे वेड घेऊन आला. नवीन लग्न झालेलं, चित्रलेखा थंडीने कुडकुडत शेजारी बसलेली, आणि हातून जाऊ घातलेला सामना काल्डेरा नावाच्या एका नवख्या पोराने शांतपणे राखला, ही गोष्ट तो दर बार्बेक्यूला सांगे. "बाकीच्यांनी घाण करून ठेवायची आणि ह्याने निवांत येऊन आवरायची, काय माणूस आहे!" काल्डेराच्या बदल्यात लोकांनी त्याला काय काय देऊ केलं होतं. दरवर्षी तो नवी शिवी हुडकून काढी आणि नकार देई.

यतिनने तरी लिहिलं, "दत्त्या, काल्डेरा दे. माझ्याकडचा कुणीही घे. प्लीज यार, मी बुडतोय."

आणि शिवीची वाट बघत तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये शिरला.

मीटिंग संपवून पाहतो तो उत्तर आलेलं होतं. "घे."

खाली ॲपची सूचना. दत्तप्रसादने काल्डेरा देऊ केला होता, आणि बदल्यात मागितला होता यतिनच्या संघातला वॉलेस. वॉलेसचा हात मोडला होता. वर्षभर तो मैदानात उतरणार नव्हता. समोरचं एक तरी नाव टाकल्याशिवाय ॲप देवघेव मानत नसे, म्हणून टाकलेलं नाव ते.

यतिनने दोनदा वाचलं. मग दत्त्याचा विचार बदलायच्या आत त्याने घाईघाईने होकार दाबला. उठून त्याने आलं घालून चहा केला, चारुताला न मागता बिस्किटं नेऊन दिली आणि स्वतःशीच शीळ घातली.

चहा अर्धा झाला होता तेव्हा विक्रांतचा फोन आला. लीगचा कारभारी तो; प्रत्येक देवघेव त्याच्या नजरेखालून जायची.

"काल्डेराचं बघितलं," विक्रांत म्हणाला.

"हे बघ, त्याने स्वतःहून दिलाय. रद्दबिद्द करायचं नाही हं. रुल्समध्ये बसतंय सगळं."

"नाही रे, मी कुठे काय म्हणतोय." विक्रांत जरा घुटमळला. "ॲक्चुअली... मलाही परवा त्याने ओटेरो दिला. असाच."

"ओटेरो? तुला? फुकट?"

"मी बोललो नाही, तुम्ही बोंब मारली असती. पण काल कौमुदीलाही एक दिला. तीही गप्प. आज तुझं बघितलं आणि म्हटलं, ह्याच्याकडे आता उरलंय कोण?"

यतिनने ॲपवर दत्तप्रसादचा संघ उघडला. जायबंदी, निवृत्त, कुणी नको म्हणून सोडलेले. सहा वर्षं जमवलेला संघ त्याने वाटून टाकला होता, आणि घेणारा प्रत्येक जण आपलं नशीब फळफळलं म्हणून तोंड मिटून बसला होता.

"विक्रांत, तू त्याच्याशी शेवटचा कधी बोललास?"

"मेसेज असतात ना. ग्रुपवर जोक टाकतो की."

"बोललास कधी?"

यतिन स्वतःही कित्येक महिन्यांत त्याच्याशी बोलला नव्हता. चित्रलेखा त्यांच्या मुलीला, स्पृहाला, घेऊन फेब्रुवारीत भावाच्या लग्नाला पुण्याला गेली होती आणि तिकिटं पुनःपुन्हा रद्द होत तिकडेच अडकली होती. दत्तप्रसाद एका प्रवासी कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. प्रवास बंद झाले आणि त्याची नोकरी गेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दत्त्या काय, मजेत असतो, असंही सगळे म्हणत, कारण तसं म्हटलं की फोन करावा लागत नसे.

"सगळे ट्रेड परत फिरव," यतिन म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. माझाही."

त्याने दत्तप्रसादला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गॅरेजमध्ये कामाचे कपडे बदलून सुनेत्रा आत आली तेव्हा तो हॉलमध्ये फोन कानाला लावून उभा होता, पायांत एकच बूट. त्याने कसंबसं सांगितलं. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नसे, पण हे कळलं.

"नीघ तू."

"पाच किलोमीटरच्या बाहेर आहे गं त्याचं घर. क्रेगीबर्नला."

"आजारी माणसाकडे जाता येतं. कोणी अडवलं तर तसंच सांग." तिने गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "मी त्याला फोन लावत राहते. नाहीच उचलला तर ट्रिपल झीरोला करून ॲम्ब्युलन्स पाठवते. आणि यतिन, आडून आडून विचारू नकोस. सरळ विचार. विचारल्याने कुणाच्या डोक्यात येत नाही ते, असेल तर बाहेर येतं."

रिंग रोड ओस पडला होता. पोलिसांनी अडवलं तर काय म्हणायचं ते यतिन इंग्रजीत घोकत होता. माय फ्रेंड इज अनवेल. आय'म हिज केअरर. कुणी अडवलंच नाही, आणि त्यामुळे तो अधिकच घाबरला. देवा, मला काही नको, तळाला जाऊ दे माझा संघ, असं तो मोठ्याने म्हणाला. ॲप वाजलं. पाच वाजले होते. देवघेव बंद झाली होती.

मग सुनेत्राचा फोन आला.

"उचलला त्याने. 'मी ठीक आहे, वहिनी,' म्हणाला."

यतिनने वेग कमी केला. "मग? परत फिरू?"

"मला वहिनी कधीपासून म्हणायला लागला तो?" सुनेत्रा म्हणाली. "तू जा."

दत्तप्रसादने दार उघडायला वेळ लावला. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. गबाळा असता तर यतिनला बरं वाटलं असतं. त्याच्या मागे घर लख्ख आवरलेलं दिसत होतं, आणि दाराशी स्पृहाची सायकल पुसून, हवा भरून ठेवली होती.

"तू? इथे? अरे, पाच किलोमीटर..."

"सायकल कुठे निघाली?"

"शेजारच्यांच्या मुलीला देतोय. स्पृहाला आता लहानच होईल." त्याने हँडलवरून हात फिरवला. "काम काय काढलंस?"

"तुझा ट्रेड परत करायला आलो."

"त्यासाठी एवढ्या लांब?"

यतिनने मास्क हनुवटीखाली ओढला. वाटेत इंग्रजी वाक्यं पाठ केली होती, पण हे मराठीतच विचारावं लागणार होतं, आणि ते त्याने कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

"दत्त्या, तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

दत्तप्रसाद रस्त्याकडे बघत राहिला. समोरच्या घरापुढे वॅटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कोणी सांगितलं तुला?"

"काल्डेराने."

दत्तप्रसाद हसला. ते हसू मध्येच तुटलं, त्याने दाराची चौकट धरली आणि तो उंबऱ्यावर खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. यतिन त्याच्या शेजारी बसला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नको, दीड मीटरच्या अंतराचं काय, हे प्रश्न आपोआप गळून पडले.

"म्हटलं, निदान तुमच्या तरी उपयोगी पडतील," दत्तप्रसाद म्हणाला. "सगळे खूश झालात ना?"

"झालो. मी तर आलं घालून चहा केला." यतिनला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याने लपवली नाही. "सोळा वर्षांपासूनचा मित्र माझा तू. शीळ घालत होतो मी."

"चित्रलेखाला काही बोलू नकोस."

"बोलायचं. आपण दोघं मिळून बोलू. आणि उद्या आधी डॉक्टर. विक्रांतने तुझी सगळी माणसं परत केलीत, मोजून घे. सकाळी काल्डेराची मॅच आहे."

"तुला क्लोजर हवा होता. बुडतोय म्हणालास."

"हवाच आहे. पण असा नको. बदल्यात काय मागितलंस, तर हात मोडलेला वॉलेस! ट्रेड म्हणजे ट्रेड. नीट काहीतरी माग."

"पाच वाजून गेले."

"ते ॲपमध्ये."

दत्तप्रसादने नाक पुसलं. उजेड उतरत होता, दक्षिणेकडून गार वारा सुटला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि जुन्या सवयीने यजमानासारखा बोलला, "नीघ आता तू. आठच्या आत पोचायला हवं. उगाच दंड होईल."

"हो," यतिन म्हणाला आणि हलला नाही.

"सुनेत्रा वाट बघत असेल."

"हो. तू अजून मागितलं नाहीस."

दत्तप्रसाद सायकलचं पेडल एका बोटाने फिरवत राहिला. ते थांबलं की पुन्हा फिरवायचा. तोंड उघडून त्याने दोनदा मिटलं. माणसाला द्यायला जमतं, मागायला किती जड जातं, हे यतिनला शेजारी बसून दिसत होतं, आणि त्याने घाई केली नाही.

"आजची रात्र थांब," दत्तप्रसाद म्हणाला.

यतिनने सायकल उचलून आत नेली आणि भिंतीला टेकवली. मग बूट काढून स्पृहाच्या गुलाबी बुटांशेजारी ठेवले, आणि स्वयंपाकघराचा दिवा लावून विचारलं,

"तांदूळ कुठे ठेवतोस रे?"