मिरगाआधीचा घाव

झाडांतलं आपल्याला कळतं, असं दौलत मुकादम स्वतःच सांगायचा. सौदीत बुरैद्याजवळ अबू सालेहच्या बोरबनात कामाला लागतानाही त्यानं तेच सांगितलं. बन पार म्हातारं. मालकाचे आजोबा पाळीपाळीनं झाडं बुंध्याशी तोडत आणि खुंटाला नवे फोक फुटत. पुढे घरोघर गॅस आला, कुऱ्हाड थांबली, झाडं पोकळ होऊन मोडू लागली. अबू सालेहला ते बन पुन्हा उभं करायचं होतं. "वर्षाला दहाच तोड, तीही थंडीत," असं बजावून तो ऑपरेशनसाठी रियाधला गेला.

मे संपत आला आणि दौलतचे हात शिवशिवू लागले. रत्नागिरीकडे मिरगाच्या आधी घाव घातला की पावसात धुमारे तरारतात. इथे मिरग कुठला, हे त्या शहाण्याला सुचलंच नाही. मालकाला खूश करायला त्यानं तीस झाडं पाडली. धुमारे आले आणि जूनच्या झळांनी करपले.

मालक परतला तेव्हा दौलतची पाचावर धारण बसली. "पाण्याविना आतून वाळली होती, म्हणून तोडली," तो बोलून गेला.

पाणी द्यायचा कऱ्हाडचा रमेश, तेही नेमानं. झाडांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दौलतभाई म्हणतात म्हणजे तसंच असणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"रमेश खलास. घरी पाठवा," अबू सालेह म्हणाला.

रमेश कऱ्हाडला परत गेला. नमाजाला उभं राहायचीही दौलतला लाज वाटू लागली. पंधराव्या दिवशी त्यानं मालकापुढे सगळं ओकून टाकलं.

अबू सालेह म्हणाला, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

दौलतनं तिथंच फोन लावला. तो तोंड उघडणार, तोच पलीकडून रमेश म्हणाला, "दौलतभाई, बरं झालं फोन केलात! बांधावर चार आंबे लावलेत. पाणी किती घालू, तेवढं सांगा. पुन्हा माझ्या हातून झाडं मरायला नकोत."