न काढायचा शब्द

मिरजेच्या दवाखान्यातून आबांना घरी आणलं, त्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्यातच फर्मान सोडलं, की इथून पुढं या घरात 'पाय' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. आबांचा, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबांचा, डावा पाय गुडघ्याखाली डॉक्टरांनी काढला होता. उरलेला शब्द सासूबाईंनी काढून टाकला. घराला धक्का बसला होता, आणि धक्का बसलेल्या घरात सांगितलेलं लगेच ऐकलं जातं.

मराठी भाषा अशा प्रसंगासाठी केलेली नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पायजमा 'खालचं' झाला, पायपुसणं 'दारातलं पोतं' झालं आणि पायरीला नुसतं 'दगड' म्हणायला लागले. गोळ्या आणायला कोण जातंय असं विचारल्यावर आबांचा मुलगा जयराज सवयीनं म्हणाला, "मी एका..." आणि तिथंच थांबला. वाक्य अर्धं राहिलं, गोळ्या आणायला शिवांजली गेली. आबांना मात्र हा नियम कुणी सांगितला नव्हता, कारण सांगायचा तर तोच शब्द काढावा लागला असता. अकरा दिवसांत घरातली सगळी माणसं तोतरी कशी काय झाली, हे त्यांना उमगत नव्हतं.

शिवांजली या घरची नवी सून, जयराजची बायको. साताऱ्याची, बी.कॉम. झालेली. लग्नाला पन्नास दिवस झालेले. तिला या बंदीचा फायदाच होता. 'पाय'नं सुरू होणाऱ्या एका शब्दाची ती रोज वाट बघत होती. नव्या सुनेच्या पावलाबरोबर घरात काय आलं नि काय गेलं, यावरून तिचा पायगुण ठरतो. तिचं पाऊल पडल्यापासून एकतिसाव्या दिवशी या घरातून काय गेलं, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

आबांची कॉट आता पुढच्या सोप्यात आली होती. जयराजनं प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून तिचा संडास केला होता, आणि त्या खुर्चीकडं बघायचं कसं हे अजून कुणाला जमलं नव्हतं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे आबा नेहमीसारखे उठले. बावीस वर्षं फौजेनं डावा आधी टाकायला शिकवलं होतं. त्यांनी डावा टाकला आणि सगळेच्या सगळे फरशीवर आले. आवाज ऐकून तिघं धावली आणि दारातच खिळून उभी राहिली. आबा पडल्या पडल्या त्या रिकाम्या जागेकडं बघत होते, हजेरीला न आलेल्या जवानाकडं बघावं तसे.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी शिवांजलीला हाक मारली. म्हणाले, "पोरी, अंगठा खाजतोय. डावा."

 ती खाली बसली आणि जिथं अंगठा असायला हवा होता, तिथली चादर नखांनी खाजवू लागली.

"जरा आतल्या अंगाला," आबा म्हणाले.

तिनं आतल्या अंगाला खाजवलं. आबांनी डोळे मिटले. पाय होता तेव्हा तो कधी दुखला नव्हता, साखरेनं बधिर करून ठेवला होता. गेल्यापासून मात्र खाजत होता, ठणकत होता, थंडी वाजली की गारसुद्धा पडत होता.

आणि तो कशानं गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. उसात काटा लागला. आबांनी दवाखान्यात तसंच सांगितलं होतं, केसपेपरावरही तसंच होतं. काटा नव्हता हे आबा सोडून फक्त शिवांजलीला माहीत होतं. म्हणजे तिची तशी समजूत होती.

लग्नात तिच्या वडिलांनी व्याह्यांना मानाचे बूट दिले. माप विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी नजरेनं घेतलं. ते एक नंबर कमी भरलं. लहान होतात म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आबांनी ते घातले, पूजेला, देवदर्शनाला, व्याह्यांच्या घरी जेवायलाही. या दोन बऱ्या न दिसणाऱ्या गोष्टींच्या मध्ये टाच सापडली. लग्नाच्या पाचव्या दिवशी घरामागच्या परड्यात आबा मोजा ओढत होते. तो टाचेला चिकटला होता, आणि निघाला तेव्हा शिवांजलीनं जे बघितलं ते तिला पुढं बरेच दिवस जेवताना आठवायचं. आबा म्हणाले होते, "कुणाला बोलायचं न्हाई. तुझ्या वडलांचा मान हाय. काटा लागला म्हनायचं." नव्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी विश्वासानं काही सांगितलं होतं. तिला त्या दिवशी, खोटं कशाला बोला, थोडा अभिमान वाटला होता.

आबा घरी आल्याच्या बाराव्या दिवशी म्हसवडहून आबांची बहीण साळूबाई आल्या. भावाला साखरेनं पंगू केलं हे ऐकून येताना क्रीमच्या बिस्किटांचे चार पुडे घेऊन आल्या. आधी रडल्या. मग चादरीकडं बघितलं. मग शिवांजलीला डोक्यापासून खालपर्यंत बघितलं आणि नजर खालीच ठेवली.

"वैनी, राग मानू नगा," त्या म्हणाल्या, "पर पायगुण म्हून काय आसतंयच की."

 सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "वन्सं, त्यो शब्द ह्या घरात काढायचा न्हाई."

साळूबाईंना वाटलं, वहिनीनं सुनेची बाजू घेतली. क्षणभर शिवांजलीलाही तसंच वाटलं आणि डोळे भरून आले. मग तिच्या लक्षात आलं, सासूबाईंची हरकत शब्दाच्या पहिल्या अर्ध्या भागाला होती. दुसऱ्या अर्ध्याबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

"कंचा शब्द?" आबा कॉटवरनं म्हणाले. "खालचं घाला म्हनता, दगुड उतरा म्हनता. काय चाललंय काय समद्यांचं?"

 जयराज भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख शोधू लागला.

"पाय, आबा," शिवांजली म्हणाली. "आणि माझ्या पायगुणानं गेला नाही, काट्यानंही नाही. बाबांनी दिलेला बूट चावला. पाचव्या दिवशी मी जखम बघितली होती. मी बोलले नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की पायगुण परवडला असता. पायगुण कुणाच्या हातात नसतो.

जयराज वळला. "तुला म्हाईत हुतं?" एवढंच त्यानं विचारलं, आणि पन्नास दिवसांत तो तिच्याशी इतक्या हळू कधी बोलला नव्हता. आबा म्हणत होते, म्याच गप बस म्हनलं हुतं तिला. पण ते कुणी ऐकत नव्हतं.

"मंग आजून ठेवलीया कशाला हितं?" साळूबाई म्हणाल्या. "सातारला धाडा की."

"मला बी धाडा," सासूबाई म्हणाल्या. "माझं माह्यार आटपाडीला हाय."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"मोजं कोन धूत हुतं ह्या घरात? म्हैनाभर रोज रगत काढलंय त्यातनं. ह्यांनी काटा म्हनलं, म्या बी काटा म्हनलं. व्याह्याला कशाला कमीपना आणायचा म्हनलं."

आबा बायकोकडं बघत राहिले. फरशीवर पडले होते तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. "तुला ठावं हुतं?"

"तुमाला वाटलं, तुमी लय लपिवलं," सासूबाई म्हणाल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

त्या दुपारी कोण काय जेवलं, ते शिवांजलीला आठवत नाही. जयराज जेवला नाही, एवढं नक्की. सासूबाईंनी स्वतःच्या ताटाला लागून तिचं ताट मांडलं आणि तिला हाताला धरून बसवलं. ते जवळ घेणं होतं, की आरोपीच्या पिंजऱ्यात सरकून तिला जागा करून देणं होतं, हे तिला कळेना. ती बसली. सासूबाईंनी भाकरी मोडून अर्धी तिच्या ताटात टाकली. सोप्यात आबा जयराजला काहीतरी समजावून सांगत होते, आणि जयराजचा आवाज काही केल्या येत नव्हता.